काट्याची पावती जपता, तसं पासबुकही वाचा

बँकेने गैर कापलेली रक्कम परत कशी मागावी
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



उसाची गाडी काट्यावर चढली की आपला माणूस आकड्यावरची नजर हलवत नाही. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजावट, सारं तपासतो आणि पावती खिशात जपून ठेवतो. फरक दिसला तर शेतकी ऑफिसात येऊन आमच्याशी भांडतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच उसाचं बिल बँकेत जमा झालं की पुढे त्यातून काय काय कापलं गेलं, हे पाहणारे सभासद फार थोडे. प्लॉट पाहणीला गेल्यावर आम्ही विचारतो, तर उत्तर ठरलेलं असतं : "जाऊ द्या ना साहेब, सतरा रुपयासाठी कोन बुलढाण्याले जाते!"

या लेखात आम्हाला एवढंच सांगायचं आहे की बुलढाण्याला जायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. लागतो तो एक कागद, त्यावर तारीख, आणि बँकेची पोच.

सतरा रुपये सत्तर पैशांचा हिशेब

सतरा रुपये हा आकडा उगाच आलेला नाही. पंधरा रुपये आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन रुपये सत्तर पैसे. मिळून १७ रुपये ७० पैसे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आशिष दास यांनी २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. स्टेट बँकेने जनधन खात्यांतून महिन्यातल्या चार व्यवहारांनंतरच्या प्रत्येक यूपीआय आणि रुपे व्यवहाराला एवढी रक्कम कापली होती. एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात अशी २५४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाल्याचं त्यांनी दाखवून दिलं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० रोजी बँकांना सांगितलं होतं की १ जानेवारी २०२० पासून घेतलेले असे आकार परत करा. त्यानुसार सुमारे ९० कोटी रुपये खातेदारांना परत मिळाले. त्याआधीच्या काळातले सुमारे १६४ कोटी परत मिळाले नसल्याची नोंद नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, थेंबाथेंबाने तळं साचतं तसं थेंबाथेंबाने रिकामंही होतं. सतरा रुपयांचे अडीचशे कोटी झाले. दुसरी, नियमावर बोट ठेवून मागितलं तर मोठी बँकसुद्धा पैसे परत करते.

'अन्याय झाला' म्हणून भागत नाही

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. इंग्लंडमध्ये २००६-०७ च्या सुमारास हजारो खातेदारांनी बँकांनी लावलेले जबर दंड परत मागण्यासाठी छोट्या दाव्यांच्या कोर्टात अर्ज केले. शिलकीपेक्षा जास्त रक्कम उचलली गेली म्हणून ते दंड लावलेले होते. पुष्कळ बँकांनी कोर्टात न जाता पैसे देऊन टाकले. पण २५ नोव्हेंबर २००९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की हे आकार म्हणजे सेवेच्या किमतीचाच भाग आहेत, ते वाजवी की गैरवाजवी हे त्या नियमांखाली तपासता येणार नाही. झालं, दाव्यांचा जोर ओसरला.

आपल्याकडेही तेच लक्षात ठेवावं. "फार कापले, गरिबावर अन्याय झाला" एवढ्याने अर्ज टिकत नाही. "अमुक नियम आहे आणि तो मोडून अमुक तारखेला अमुक रुपये कापले" असं लिहिलं की बँकेला उत्तर द्यावंच लागतं. चेकबुक, चेक परत जाणं, डिमांड ड्राफ्ट यांचे दरपत्रकात लावलेले आकार रीतसर असतात. त्यावर भांडण्यात वेळ घालवू नये.

पासबुकात काय पाहावं

१. किमान शिल्लक. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी कळवून एक महिन्याची मुदत द्यायला हवी, दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात हवा, आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. जनधन किंवा मूलभूत बचत खात्याला तर किमान शिलकीची अटच नाही.

२. बंद पडलेलं खातं. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. १ एप्रिल २०२४ पासून अशा खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत.

३. पीककर्जावरचे आकार. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर आणि किसान क्रेडिट कार्डावर प्रोसेसिंग, कागदपत्रं, तपासणी, खातेवही वगैरे आकार घेऊ नयेत, अशी सूचना बँकांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशनने, ४ फेब्रुवारी २०१९ रोजी दिली. शिवाय शेतीसारख्या अग्रक्रम क्षेत्रातील ५० हजारांपर्यंतच्या कर्जावर असे आकार लावायचेच नाहीत, हे रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२५ पासूनचे निर्देश आहेत.

४. दंडव्याज. हप्ता थकला तर व्यापारी, ग्रामीण व नागरी सहकारी बँकांना दंडाची रक्कम लावता येते. पण ती व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं.

५. दामदुपट. आपल्या आजोबांच्या तोंडी असलेला हा शब्द अजून जुना झालेला नाही. अल्प व अत्यल्प भूधारकाच्या अल्पमुदत कर्जावर एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त आकारू नये, असं रिझर्व्ह बँक बँकांना सांगत आली आहे. पाच एकरांच्या आतील सभासदांनी जुन्या थकीत खात्याचा उतारा काढून हे अवश्य तपासावं.

६. एटीएम. पैसे बाहेर आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई, तीही खातेदाराने न मागता. हा नियम २० सप्टेंबर २०१९ चा.

७. विम्याचा हप्ता. वर्षाला ४३६ रुपये आणि २० रुपये अशी वजावट दिसली तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचा हप्ता असतो. हा आकार नव्हे, विमा आहे; घरच्या माणसांच्या उपयोगी पडतो. आधी आपण संमतीची सही केली होती का ते आठवावं. सही नसेल तरच तक्रार करावी, आणि विमा नकोच असेल तर तसं लेखी द्यावं.

चारशे बारा रुपये उणे

आमच्या भागातील एका सभासद भगिनीची हकीकत सांगतो. नाव-गाव आणि बँक सांगण्याचं कारण नाही. मालक वारल्यावर ऊस मोडला, खात्यावर १,२४० रुपये राहिले. ती पुन्हा बँकेत गेली तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती. दर तिमाहीला २३६ रुपये, असे सात वेळा किमान शिलकीचा दंड कापला गेला होता. एकूण १,६५२ रुपये. खातं ४१२ रुपयांनी उणे. खिडकीवर सांगण्यात आलं, "आधी हे ४१२ भरा, मग खातं चालू होईल." मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसे त्याच खात्यावर यायचे होते. बाई ४१२ रुपये उसने मागायला निघाली होती.

गट ऑफिसात बसून अर्ज लिहिला. मजकूर चार ओळींचा : दंडापूर्वी सूचना मिळाली नाही, दंडामुळे खातं उणे झालं, दोन्ही गोष्टी रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध आहेत, सात नोंदींची रक्कम परत करावी. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतला. तीस दिवस उत्तर नाही. एकतिसाव्या दिवशी तीच कागदपत्रं लोकपालाकडे पाठवली. त्यानंतर बँकेने सर्वच्या सर्व १,६५२ रुपये जमा केले आणि १,२४० ची शिल्लक पुन्हा दिसू लागली. बाईंनी खर्च केला तो झेरॉक्स आणि टपालाचा.

पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी, शाखा. पासबुक भरून आणा, शंका असलेल्या नोंदीखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि त्या नोंदीचं स्पष्टीकरण मागा. तोंडी समाधान झालं नाही तर शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. दोन प्रती करा. एकीवर तारीख, सही, शिक्का घ्या. पोच देत नसतील तर वाद घालू नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाला टाचून ठेवा. अर्जाचा नमुना असा :

"मा. शाखाधिकारी यांस, माझ्या बचत खाते क्रमांक … मधून दि. … रोजी रु. … ही रक्कम … या नावाने वजा झाली आहे. ही वजावट … या नियमाप्रमाणे योग्य नाही. तरी सदर रक्कम माझ्या खात्यात परत जमा करावी व लेखी उत्तर द्यावे. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास लोकपालाकडे दाद मागावी लागेल. सोबत पासबुकाच्या पानाची प्रत."

दुसरी पायरी, लोकपाल. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर लोकपालाकडे जावं. त्यात दिरंगाई करू नये. अर्ज साध्या टपालानेही जातो. पत्ता : केंद्रीकृत तक्रार स्वीकृती केंद्र, रिझर्व्ह बँक, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. माहितीसाठी १४४४८ हा मोफत क्रमांक आहे. फी नाही, वकील नाही. बँकेकडे आधी तक्रार केल्याची पोच मात्र लागते. ती नसेल तर अर्ज तिथेच अडतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेखाली आल्या आहेत. आपल्या पीककर्जाचा मोठा भाग त्याच वाटेने येतो, म्हणून हे विशेष.

तिसरी पायरी, ग्राहक आयोग. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि २० जुलै २०२० पासून त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. जिल्हा ग्राहक आयोग बुलढाण्याला आहे. नव्या कायद्याने खातेदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, बँकेचं मुख्य ऑफिस मुंबईला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वकील देणं सक्तीचं नाही. स्वतः उभं राहता येतं. मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. समोरच्याला म्हणणं मांडायला ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. तक्रार ऑनलाइन करायची तर २०२५ पासून ई-जागृती हे संकेतस्थळ आहे. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक.

क्रम चुकवू नये. आयोगात प्रकरण चालू असताना तेच प्रकरण लोकपाल घेत नाहीत. म्हणून छोट्या रकमेसाठी आधी लोकपाल, तिथे नाही जमलं तर आयोग. पण दोन वर्षांच्या मुदतीवर लक्ष ठेवून.

आणखी एक. पतसंस्था आणि गावची सेवा सहकारी सोसायटी या बँका नव्हेत. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल नाही. त्यांची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी. ग्राहक आयोगाचा दरवाजा त्यांच्याविरुद्धही उघडा आहे.

शेवटी दोन शब्द

बँक आपली वैरी नाही. पीककर्ज तिथूनच मिळतं, उसाचं बिलही तिथेच येतं. खिडकीवरच्या माणसाशी आवाज चढवून काही साधत नाही; बहुतेक वेळा दंड त्याने लावलेला नसतो, तो संगणकाने आपोआप कापलेला असतो. पण संगणकाची चूक दाखवायलाही खातेदारच लागतो. सहकार म्हणजे वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला हात वर करणं नव्हे. आपला पैसा कुठे जातो हे विचारण्याची सवय म्हणजे सहकार. ती काट्यावर आहे, कारखान्यात आहे. बँकेतही असू द्या.

ऊसबिल जमा झालं की त्याच आठवड्यात पासबुक भरून आणावं. एखादी नोंद कळली नाही तर गट ऑफिसात घेऊन यावं किंवा आपल्या चिटबॉयजवळ निरोप द्यावा. अर्ज लिहायला आम्ही मदत करू. सही मात्र सभासदाचीच लागेल, आणि पोच त्यानेच जपायची आहे. घरातल्या शिकल्या मुला-मुलींना हा लेख वाचायला द्यावा आणि पासबुकाची मागची दोन वर्षं त्यांच्याकडून तपासून घ्यावीत.

कळावे. जय सहकार!