जुळी ओळखायची कशी? चेहऱ्यावरून नव्हे, वारेवरून

दहावीच्या विज्ञानात जुळ्यांचा भाग थोडक्यात उरकतो. एका युग्मनजापासून झाली ती एकयुग्मजी, दोन अंडपेशी फलित झाल्या तर द्वियुग्मजी, शरीरं जोडलेली असली तर सायामी. आमच्या वारज्यातली मुलं इथे हमखास विचारतात, "सर, सारखी दिसली की एकयुग्मजीच ना?" बहुतेकदा हो. पण गर्भारपणात डॉक्टर आधी वार बघतात.

युग्मनजाची विभागणी पहिल्या तीन दिवसांत झाली, तर दोन्ही गर्भांना स्वतंत्र वार आणि स्वतंत्र पिशवी मिळते. साधारण चौथ्या ते आठव्या दिवसात झाली, तर वार एक, पिशव्या दोन. त्याहून उशीर झाला, तर दोघं एकाच पिशवीत. मग नाळा एकमेकींत गुंततात. तेराव्या दिवसानंतर विभागणी अर्धवट राहते, तीच सायामी जुळी. म्हणून दोन वारा दिसल्या की जुळी द्वियुग्मजीच, असं फळ्यावर लिहू नका. एकयुग्मजींपैकी सुमारे एक तृतीयांश जुळ्यांना दोन वारा असतात. जन्मल्यावर दोघी मुली निघाल्या, वारा दोन, तर खात्रीचं उत्तर डीएनए तपासणीच देते.

पालकांनो, 11 ते 14 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. मधला पडदा वारेला मिळतो तिथे त्रिकोणी उंचवटा दिसला तर वारा दोन. पडदा सरळ काटकोनात टेकला तर एक. पुढे हा त्रिकोण पुसट होतो. वार एकच असेल तर अशा 10 ते 15 टक्के गर्भारपणांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वळतं आणि दोघंही धोक्यात येतात. त्यामुळे सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी लागते. रिपोर्टात फक्त 'जुळी' लिहिलं असेल, तर वारा किती, हे विचाराच.

आता 2025 ची बुलढाण्याची बातमी. सोनोग्राफीत पोटातल्या बाळाच्या पोटात गर्भासारखी रचना दिसली. फेब्रुवारीत बाळ जन्मलं, अमरावतीत शस्त्रक्रिया झाली आणि दोन अविकसित गर्भ काढले. लोक म्हणाले, "बाळच गरोदर!" तसं मुळीच नाही. गर्भधारणा आईचीच. जास्त मान्य असलेल्या मतानुसार, एकाच वारेच्या जुळ्यांपैकी वाढ खुंटलेला गर्भ भावंडाच्या शरीरात वेढला जातो. साधारण पाच लाख जन्मांत एकदा असं घडतं. त्यात आईच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा काही संबंध नाही.