पोटातला जंतू आणि हृदयविकार: घाबरू नका, गाफीलही राहू नका

महाडजवळच्या दासगाव, वहूर, केंबुर्लीच्या बाजूचे रुग्ण हल्ली एन्डोस्कोपीचा रिपोर्ट पुढे ठेवून विचारतात, ‘डॉक्टर, पोटात जंतू निघालाय. आता हार्टअटॅक येणार का?’ आधी उत्तर देतो: या जंतूमुळे हार्टअटॅक येतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही. पण हृदयरुग्णाने त्याच्याकडे दुर्लक्षही करू नये.

जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो १९८२ मध्ये शोधला. अल्सर त्याच्यामुळे होतो हे पटवण्यासाठी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच तो प्यायला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून, अस्वच्छ हातांतून किंवा पाण्यातून पोटात शिरतो. आपल्या देशात तो खूप जणांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना काही त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो, फार थोड्यांना जठराचा कॅन्सर.

हृदयाशी त्याचे नाव जोडले गेले ते १९९४ मध्ये, लंडनच्या एका अभ्यासातून. पोटातली जुनी सूज रक्तवाहिन्यांनाही बाधत असावी, असा तर्क होता. पुढे मोठे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा हा संबंध फार क्षीण निघाला. गरिबी, दाटीवाटीचे घर, तंबाखू जिथे, तिथे जंतूही जास्त आणि हृदयविकारही जास्त. जंतूच्या काही जहाल जातींबद्दल संशोधकांत अजून वाद आहे.

औषधाचा गुण पारखायचा कसा, हे आपल्या तालुक्याला ठाऊक आहे. विंचूदंशाने हृदयावर येणारे संकट प्रॅझोसिनने टळते, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून दाखवले. त्याला विंचवाच्या विषावरच्या लसीची जोड दिल्याने आणखी फायदा होतो का, हेही रुग्णांचे दोन गट करून तपासले. जंतू मारला म्हणून हार्टअटॅक टळले, असे दाखवणारी ठोस चाचणी मात्र अजून झालेली नाही.

खरा धोका वेगळा आहे. अँजिओप्लास्टी झालेल्यांना रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिनची गोळी असते. पोटात हा जंतू आणि वर अ‍ॅस्पिरिन, म्हणजे अल्सरमधून रक्तस्राव होण्याची भीती वाढते. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या साठीपुढच्या रुग्णांवर चाचणी झाली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. जंतूवर उपचार केलेल्यांत पहिली अडीच वर्षे असा रक्तस्राव कमी झाला. म्हणून पूर्वी अल्सर झालेला असेल तर जंतूच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. डांबरासारखी काळी शौच झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका.

तपासणी श्वासाची, शौचाची किंवा एन्डोस्कोपीतून होते. त्याआधी पित्ताच्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे बंद असावी लागतात. पण बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. उपचार बहुधा चौदा दिवसांचा असतो. चार दिवसांत बरे वाटले म्हणून तो अर्धवट सोडू नका. हृदयाच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा: क्लॅरिथ्रोमायसिनचे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही आणि ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा गुण कमी होतो. औषध संपल्यावर किमान महिन्याने पुन्हा तपासून घ्या.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच होते. छाती भरून येते, घाम फुटतो, दुखणे जबड्यात किंवा डाव्या हातात जाते, आणि घरात म्हणतात, ‘पित्त झालंय, सोडा घे, ओवा चाव, सकाळी बघू.’ मधुमेही आणि बायकांमध्ये तर नुसती मळमळ, धाप किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब एवढेच लक्षण असू शकते. मुंबईच्या मुलाला फोन लागेपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा आणि लगेच ईसीजी काढा. हार्टअटॅक नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की पित्ताचा विचार पुढे करता येईल; नुसता एक ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

पावसाळ्यात सावित्रीला पूर येऊन विहिरी गढूळ होतात, तेव्हा पाणी उकळूनच प्या. पण हृदय जपायचे तर बीपी आणि साखर तपासा, तंबाखू आणि मिसरी सोडा, खारवलेली सुकी मासळी बेताने खा. जंतूवरचा उपचार पोटासाठी घ्या. हृदयाच्या गोळ्यांची जागा तो घेऊ शकत नाही.