टाकाऊ पदार्थांचा घरगुती उपयोग : श्रम व खर्च यांचा हिशेब

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच ज्या बंदराला लागते, ते मोरा हे उरण तालुक्यातील जुने बंदर होय. मोठ्या ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच धक्क्याशी येऊ शकत नाही आणि उतारूंना पाणी चढण्याची वाट पाहावी लागते. गैरसोय ही येथील लोकांना नवी गोष्ट नव्हे. बंदराला लागून कोळीवाडा आहे. पलीकडे उरणची बाजारपेठ, केगाव-नागावकडील वाड्या आणि तालुक्याच्या सखल भागात खाडीकाठची खारजमीन. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत रेल्वे आली व त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. शहर जवळ आले, तशी शहरातील मालाची वेष्टनेही गावात अधिक येऊ लागली.

ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा, बाजारास कापडी पिशवी न्यावी, घरच्या घाणीचे घरीच खत करावे, हा उपदेश अशा गावांतून गेली कित्येक वर्षे केला जात आहे. लोक तो ऐकून घेतात, मान डोलावतात, काही दिवस त्याप्रमाणे वागतात आणि मग सोडून देतात. लोकांना समजत नाही म्हणून असे होते, असे मानण्याची सवय कार्यकर्त्यांत आढळते. ती सोयीची असली तरी बरोबर नाही. लोकांना समजते, आणि हिशेबही येतो. उपदेश करणाराच पुष्कळदा तो हिशेब मांडून आलेला नसतो.

म्हणून प्रथम तो मांडून पाहावा. पाच माणसांच्या घरात रोज दीड किलो ओला कचरा निघतो असे धरले, तर वर्षाकाठी सुमारे साडेपाच क्विंटल होतो. कुजून त्याचा तिसरा हिस्सा उरला, तर १८० किलोच्या आसपास खत हाती येते. साधारण कंपोस्ट खतात नत्राचे प्रमाण शेकडा अर्धा धरतात. म्हणजे वर्षभराच्या खतात नत्र निघाले एक किलोहून थोडे कमी. हेच नत्र युरियातून घ्यावयाचे झाल्यास दोन किलो युरिया पुरतो. ४५ किलोंची गोणी सरकारी अनुदानामुळे शेतकऱ्यास २६६ रुपये ५० पैशांस मिळते. त्या भावाने घरच्या खतातील नत्राची किंमत होते बारा रुपये! खत याच्या दुप्पट सकस निघाले आणि त्यातील स्फुरद व पालाश यांचेही मोल धरले, तरी रक्कम फार मोठी होत नाही. उलट कचरा निवडणे, भांडे नेऊन ओतणे, ते धुणे यांस दररोज दहा मिनिटे लागली, तर वर्षाचे साठ तास, म्हणजे आठ तासांचे सात-साडेसात दिवस खर्ची पडतात. हे दिवस बहुतेक घरांत गृहिणीचे असतात. कोळीवाड्यातील स्त्री पहाटे मासळीच्या लिलावास जाते, दिवसभर विक्री करते आणि परतल्यावर चूल पेटवते. तिला ‘केवळ दहा मिनिटांचे काम’ असे सांगणाऱ्याने ही दहा मिनिटे तिच्या दिवसातून कोठून निघणार, हेही सांगावयास हवे.

असे असता घरचे खत करावेच कशाला, असा प्रश्न शेतकरी विचारील, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर युरियाच्या भावात शोधल्यास सापडणार नाही. ते खारजमिनीच्या स्वभावात आहे. खाडीलगतच्या शेतात पावसाळा संपला की जमिनीतील क्षार ओलाव्याबरोबर वर चढतात व पृष्ठभागावर पांढुरका थर धरतो. पुढच्या पावसाचे गोडे पाणी जितके खोल मुरेल व निचऱ्यावाटे बाहेर जाईल, तितके क्षार धुऊन जातात. जमीन घट्ट व चिकट असेल तर पाणी मुरत नाही. सेंद्रिय द्रव्यामुळे तिची घडण मोकळी होते, पाणी वाट काढते आणि भाताच्या मुळांना जागा मिळते. हे काम युरियाची गोणी करू शकत नाही. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भाताच्या जाती दिल्या आहेत. जात चांगली असली तरी तिलाही भुसभुशीत जमीन मिळाल्यास फायदाच होतो. सबब खताचे मोल नत्रावरून न करता जमिनीवरून करावे.

मात्र येथेही खरे तेच सांगावे. एका घराच्या १८० किलो खताने एकरभर खारजमीन सुधारत नाही. ते खत परसातील भाजीला, नारळाच्या आळ्यांना किंवा भाताच्या रोपवाटिकेला पुरते. शेतासाठी बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीच्या वेळी गाडणे अधिक परवडते. त्याला रोजचे श्रम लागत नाहीत, आणि पालाही जागच्या जागी मिळतो.

पद्धत कोणती घ्यावी, याविषयी पुष्कळ गोंधळ आहे. कंपोस्टचा विचार निघाला की खड्डा खणण्याचा सल्ला देण्यात येतो. देशावर तो योग्य आहे. कोकणात किनाऱ्यालगत भूजल वर असते, शिवाय चार महिने मुसळधार पाऊस पडतो. खड्डा पाण्याने भरतो, हवा कोंडते, दुर्गंधी सुटते, आणि शेजारी तक्रार करतात. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी बसविलेल्या आणि १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या पद्धतीतही पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग करण्यास सांगितले होते. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेले नाडेप टाके विटांचे व जाळीदार असल्याने त्यात हवा खेळते. परंतु दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा त्या टाक्यास विटांचा खर्च येतो. ते एका वेळी भरावयाचे म्हणजे चौदा-पंधरा क्विंटल काडीकचरा, त्याहून अधिक चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी हवे. उन्हाळ्यात घागरी मोजून पाणी वापरणाऱ्या कुटुंबास ते सुचविणे बरे नव्हे. चार-पाच वाडीवाल्यांनी मिळून, ज्यांच्याकडे विहीर व गुरे आहेत त्यांच्या आवारात, एक टाके बांधावे. एकेका घराने त्या भरीस पडू नये.

घरापुरता ढीगच सोयीचा. परसातील उंचवट्याची जागा पाहावी व ती स्वयंपाकघरापासून जवळ असावी. शेतावरच्या ढिगासाठी कोणीही रोज बादली नेत नाही. तळाशी काटक्या व झावळ्यांचे तुकडे पसरावे म्हणजे खालून हवा लागते. त्यावर वीतभर सुका पाला किंवा भाताचा पेंढा, त्यावर चार बोटे ओला कचरा, मग शेणकाला आणि मातीचा पातळ थर, असे थर कमरेइतक्या उंचीपर्यंत चढवावे. वर झावळ्यांचे किंवा पेंढ्याचे छप्पर असावे. तीन-चार आठवड्यांनी ढीग वरखाली करावा. हे फावड्याचे काम घरातील पुरुषांनी करावे, ते बायकांच्या कामात आणखी एक म्हणून घालू नये. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. शिंपडावयास खारे पाणी कधीही वापरू नये.

रोजची दहा मिनिटे कमी करण्याचा एक साधा उपाय आहे. झाकणाच्या बादलीत तळाशी भाताचे तूस किंवा कोरडी माती टाकावी आणि प्रत्येक वेळी कचऱ्यावर त्याचीच मूठभर पेर करावी. त्यामुळे वास येत नाही, चिलटे होत नाहीत, आणि बादली दोन-तीन दिवसांनी रिकामी केली तरी चालते. मासळीचा कचरा मात्र त्याच दिवशी ढिगात गेला पाहिजे.

मासळीच्या कचऱ्याबद्दल मोऱ्यासारख्या गावी विशेष सांगितले पाहिजे. डोकी, आतडी, कोळंबीची साले यांत नत्र भरपूर असते. म्हणूनच ती लवकर सडतात. एक टोपली मासळीच्या कचऱ्यास निदान तीन टोपल्या सुका पाला, पेंढा किंवा तूस मिसळावे, तो ढिगाच्या मध्यभागी घालावा आणि वर वीतभर थर द्यावा. वरवर टाकल्यास कुत्री, मांजरे व घुशी रातोरात उकरून काढतात, आणि मग शेजाऱ्यांचा विश्वास पुन्हा मिळविणे कठीण जाते. खारवलेल्या मासळीचे पाणी ढिगात घालू नये. खारजमिनीत मीठ आधीच पुरेसे आहे.

कोळीवाड्यातील बहुतेक घरांना परसही नसते व शेतही नसते. त्यांनी खत करून करावयाचे काय? अशा घरांना ढीग घालण्याचा आग्रह करणे व्यर्थ होय. त्यांच्याकडून ओला कचरा निवळ, म्हणजे प्लास्टिक, दोरा व काच यांवाचून मिळाला तर तो वाडीवाल्यांच्या उपयोगाचा आहे. वाडीवाल्याने सुका पाला पुरवावा व ठरल्या वेळी टोपल्या न्याव्या. कोळीवाड्याने निवडून द्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने भाषण देण्यापेक्षा हा व्यवहार जुळवून दिला, तर त्याचे अधिक चीज होईल.

आता पिशवीविषयी. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तरीही ओली मासळी कापडी पिशवीत नेता येत नाही, ही अडचण खरी आहे. पिशवी गळते, वास राहतो, आणि धुण्यास पाणी लागते. मासळीसाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा. तो एकदा विसळला की झाले. बाकी बाजारासाठी कापडी पिशवी ठीक, पण ती विकत घेऊ नये. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, हवामानावरील परिणाम पाहिला तर नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी तेव्हा ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीस येते. आठवड्याच्या बाजारास एकदाच नेणाऱ्याला त्यासाठी अडीच वर्षे लागतील. प्रत्येक समारंभात वाटलेल्या आणि कपाटात साठलेल्या पिशव्यांनी कोणाचे हित साधले, याचा विचार वाटणाऱ्यांनी करावा. जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी या हिशेबातून सुटते, कारण तिचे कापड आधीच कामी आलेले असते.

जाळ्यांचेही असेच आहे. पूर्वी सुती व तागाची जाळी टिकावी म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत. नायलॉन आल्यावर ते कष्ट सुटले, हे मान्य केले पाहिजे. परंतु फाटके नायलॉन कुजत नाही. काहीजण ते परसाच्या कुंपणाला लावतात. उपयोग चांगला आहे, फक्त जाळे जमिनीपासून हातभर उंच बांधावे, नाहीतर त्यात साप अडकून पडतात.

प्लास्टिकचे वेष्टन जमा करणे हे सर्वांत त्रासाचे व सर्वांत कमी किमतीचे काम होय. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून एक किलो भरावयास शेकडो पिशव्या लागतात. जर्मनीत २००३ साली एकदा वापरावयाच्या बाटल्यांवर अनामत बसविण्यात आली. आज ती बाटलीमागे २५ सेंट आहे, म्हणून बाटली परत येते. येथे भंगारवाला देईल त्या दरात कोणाची मजुरी निघत नाही. भंगाराच्या पैशाचे आमिष दाखविणाऱ्याचे पुढचे बोलणेही लोक खोटे मानतात.

या कामाचे खरे कारण उघाडीत आहे. खारबांधाच्या उघाडीची दारे ओहोटीस पाणी बाहेर सोडतात व भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. ओढ्यातून वाहत आलेली पिशवी, जाळ्याचा तुकडा किंवा दोरीचा गुंता दाराच्या चौकटीत अडकला की दार पुरते मिटत नाही. त्या फटीतून उधाणाचे पाणी आत शिरते, आणि एकदा शेत खारे झाले की दोन-तीन वर्षे भाताचे पीक हाती लागत नाही. कचरा टाकणारा बहुधा एका गावचा असतो व शेत दुसऱ्या गावचे. शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. बाजारपेठेतल्या माणसाला ते दाखवावे लागते, आणि ते उघाडीवर नेऊनच दाखवावे.

याकरिता वेष्टने रोज धुण्याचा आग्रह सोडून, ती कोरडी करून एका गोणीत टाकण्यापुरतीच अपेक्षा प्रत्येक घराकडून ठेवावी. गोणी महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ग्रामपंचायतीने किंवा नगरपरिषदेने उचलावी. वार चुकल्यास लोक दुसऱ्या महिन्यात गोणी ठेवीत नाहीत. ओढ्यावर उघाडीच्या आतल्या अंगास बांबूच्या कामट्यांची ताटी उभी करावी. जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी आणि पावसाळ्यात प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी दोन दिवस, ओहोटीच्या वेळी, ताटीवरील कचरा काढून दारे हाताने मिटवून पाहावी.