चित्रांची बदलती भाषा

नवी मुंबईंतील आमच्या वर्गांत एकदां एका विद्यार्थिनीनें आजीच्या पेटींतला जुना दिवाळी अंक आणला. तो रद्दींत जातां जातां वांचला होता. मुखपृष्ठ रंगीत, पण आंतील कथाचित्रें केवळ काळ्या रेषांचीं! ‘आंत रंग कां नाहींत?’ असा तिनें प्रश्न केला. त्याचें उत्तर येथें देत आहों.

त्या काळीं चित्र छापण्यासाठीं धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करीत. छायाप्रकाशाच्या चित्राचे जाळींतून सूक्ष्म ठिपके पाडावे लागत. रंगीत चित्रास पिवळा, तांबडा, निळा व काळा असे निरनिराळे ठसे लागत. स्वस्त, खरबरीत कागदावर ते ठिपके पसरून चित्र काळवंडे. म्हणून गुळगुळीत कागद व रंग मुखपृष्ठाच्या वांट्यास येत. आंत साधी रेषा चाले. या उणिवेनेंच रेषेला कस लावला.

शैलीही पालटत गेली. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांत पाश्चात्त्य पद्धतीचें हुबेहूब रेखन दिसतें. १९४५ सालीं ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल यांनीं लयदार रेषा व सपाट रंग यांतून निराळी मोहिनी निर्माण केली. रघुवीर मुळगांवकरांनीं रंगाच्या फवाऱ्यानें देवादिकांना मृदु कांति दिली. हे दोघेही मूळचे गोमंतकाचे. पुढें वसंत सरवटे यांनीं मोजक्या रेषांतून माणसाच्या स्वभावावर बोट ठेविलें. जाहिरातही संक्षिप्त झाली. १९६६ पासून फलकांवर झळकणारी अमूलची मुलगी पाहा: धांवत्या गाडींतूनही ती क्षणांत ओळखूं येते, कारण तिच्यांत अनावश्यक असें कांहींच नाहीं.

मात्र एक भेद ध्यानीं ठेवा. कथेचें चित्र आपली कल्पनाशक्ति जागवितें. जाहिरातीचें चित्र आपल्या खिशाकडे पाहतें. वाशीच्या रस्त्यावरील फलक पाहतांना, ‘हें चित्र मजकडून काय मागत आहे?’ असें स्वतःस विचारा. जो हा प्रश्न विचारतो तो सहसा फसत नाहीं.

त्या दिवशीं आम्हीं मुलांस पाण्याचा तांब्या केवळ काळ्या शाईनें काढावयास सांगितला. आधीं त्या अंकास हंसणारीं मुलें घटकाभर गप्प झालीं. तांब्याची चकाकी रेषेनें दाखविणें किती कठीण, हें त्यांस कळलें. पालकहो, जुने अंक रद्दींत देण्यापूर्वीं एकदां मुलांसह चाळा, आणि चित्राखालची सही अवश्य वाचा.