डिजिटल बाँड : आधी कायदा, मग कोड

मित्रांनो, ब्लॉकचेनवर बाँड काढायचा म्हटलं की आपल्यासारख्यांना वाटतं, त्यात काय एवढं? प्रोग्रॅम लिहिला, टोकन वाटले, झालं! पण कोर्टात त्या टोकनला किंमत काय, हे कोड सांगत नाही. ते कायदा सांगतो. मला हा फरक नीट कळला तो जर्मनीतल्या सीमेन्स कंपनीच्या बाँडवरून. म्हणून तेच उदाहरण घेतो.

अडचण कुठे होती?
बाँड म्हणजे कर्जरोखा. जर्मनीत त्यासाठी कागदी दस्त लागायचा. व्यवहार संगणकावर झाले तरी एक मूळ कागद तिजोरीत पडून असायचा. कारण तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम ९० नुसार 'वस्तू' म्हणजे हाताला लागणारी चीज, आणि मालकी वस्तूचीच असते. समजा, रोखे सांभाळणारी बँक बुडाली. तेव्हा 'हा रोखा माझा, बँकेचा नाही' असं ठणकावून सांगता येतं ते या मालकीच्या जोरावर. नुसत्या संगणकातल्या नोंदीला तो जोर नव्हता.

जून २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक रोख्यांचा नवा कायदा लागू झाला. त्यानं सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक रोखा ही 'वस्तू' मानली जाईल. बस्स, एवढ्या एका वाक्यानं कागदाची गरज संपली! फेब्रुवारी २०२३ मध्ये सीमेन्सनं ६ कोटी युरोचा, एक वर्ष मुदतीचा बाँड पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवर काढला. ना कागद, ना मध्यवर्ती डिपॉझिटरी.

वकिलाला काय विचारायचं?

१) नोंदवही कोणाची? ब्लॉकचेनला मालक नसतो, पण कायद्याला जबाबदार माणूस लागतो. जर्मनीत बाँड काढणाऱ्यानं रजिस्टर ठेवणारी संस्था नेमायची असते. नेमली नाही तर ती जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते. या कामाला वित्तीय नियामकाची परवानगीही लागते.

२) चूक झाली तर? 'ब्लॉकचेनवरची नोंद बदलत नाही' असं आपण अभिमानानं सांगतो. कायदा मात्र म्हणतो, की हक्कदाराच्या सूचनेशिवाय झालेला बदल ताबडतोब उलटवा. म्हणजे दुरुस्तीची सोय पहिल्या दिवसापासून कोडमध्येच हवी. मागाहून ती घालणं महाकठीण.

३) पैसे कुठून येणार? सीमेन्सच्या २०२३ च्या बाँडचे पैसे नेहमीच्या बँक मार्गानंच आले. मग बाँड आधी द्यायचा की पैसे आधी? मधल्या वेळेचा धोका कोणाचा, हे करारात लिहावं लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमेन्सनं ३० कोटी युरोचा दुसरा बाँड काढला. या वेळी खासगी ब्लॉकचेन जर्मन मध्यवर्ती बँकेच्या पेमेंट व्यवस्थेशी जोडली होती, त्यामुळे व्यवहार काही मिनिटांत पुरा झाला.

आपल्याकडेही शेअर कागदावरून डीमॅटमध्ये आले ते १९९६ च्या डिपॉझिटरीज कायद्याच्या आधारानं. नोंदीला अर्थ कायद्यानं दिला, सॉफ्टवेअरनं ती ठेवली.

तेव्हा दोस्तांनो, उद्या अशा प्रोजेक्टवर काम करायची वेळ आली, तर वकिलाला शेवटी सहीपुरता बोलवू नका. फ्लोचार्ट काढतानाच त्याला शेजारी बसवा. त्याच्या प्रत्येक प्रश्नामागे कोणाची तरी आयुष्यभराची पुंजी असते.