बेटाचे कागद, बेटाचे नकाशे

जुने कागद जपणे हे सरकारचे किंवा विद्वानांचे काम आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. इराणी आखातातील बहारीन या छोट्या बेटसमूहाची हकीकत वाचली म्हणजे ती दूर होईल.

बहारीनचे जुने कागद एके ठिकाणी नाहीत. १८२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारच्या आरमाराने आखाताची मोजणी करून नकाशे तयार केले. कॅप्टन ब्रक्स यांचा त्यासंबंधीचा वृत्तांत मुंबई सरकारने १८५६ साली छापला. आखातातील इंग्रज रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबईच्याच ताब्यात होता. त्यामुळे त्या काळचा पत्रव्यवहार आजही मुंबईच्या पुराभिलेखागारात सापडतो. बहारीनमध्ये इंग्रजांची एजन्सी १९०० साली सुरू झाली. तिची दफ्तरे लंडनला आहेत. २०१४ पासून ती कतारच्या साहाय्याने संगणकावर सर्वांना खुली होऊ लागली.

या कागदांचे मोल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दिसून आले. हवार बेटांवरून बहारीन व कतार यांचा जुना वाद होता. १९९१ साली कतारने दावा लावला व पुढे पुराव्यादाखल कागद दाखल केले. त्यांतील ८२ कागद खरे नाहीत, अशी हरकत बहारीनने घेतली. अखेर कतारने त्या कागदांवर विसंबणे सोडून दिले. १६ मार्च २००१ रोजी निकाल लागला. ११ जुलै १९३९ च्या इंग्रज सरकारच्या लेखी निर्णयाच्या आधारे हवार बेटे बहारीनला मिळाली आणि झुबारा कतारकडे राहिले. यावरून बोध असा की कागद नुसता जुना असून भागत नाही. तो कोठून आला, कोणाच्या हातून आला, हेही सांगता आले पाहिजे.

दुसरा बोध अधिक जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराकमधून आलेले ज्यू मनामा शहरात व्यापार करीत होते. डिसेंबर १९४७ च्या दंगलीत त्यांचे सिनेगॉग लुटून उद्ध्वस्त करण्यात आले आणि सेफेर तोराही चोरीस गेला. बहुतेक मंडळी पुढे परदेशी गेली. मागे राहिलेल्या मोजक्या कुटुंबांपैकी नॅन्सी खेदूरी यांनी २००७ साली आपल्या समाजाचा इतिहास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. समाज पांगला की त्याची आठवणही घरोघरच्या पेट्यांत पांगते. ती वेळीच गोळा करावी लागते.

आता जपणुकीचे नियम पाहू. बेटावरची दमट, खारी हवा आणि कोकणातील पावसाळा कागदाला सारखेच घातक. वाळवी व कसर दोन्हीकडे आहेत.

१. नकाशाची घडी घालू नये. घडीवरच तो प्रथम फाटतो. सपाट ठेवावा किंवा जाड नळीवर बाहेरून गुंडाळावा.

२. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. तिचा डाग पुढे निघत नाही. पातळ कागद व पिठाची खळ वापरावी, तेही जाणकाराकडून.

३. कागद भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच, उन्हाबाहेर ठेवावेत. आपल्या जुन्या दफ्तरखान्यांत ते कापडी रुमालात बांधीत, ती रीत चांगली होती.

४. क्रमांक पेन्सिलीने घालावा. मूळचा क्रम मोडू नये. कागद कोणाकडून व कधी आला, याची नोंद वहीत करावी.

५. नक्कल काढून ती दुसऱ्या गावी ठेवावी. घर किंवा गाव संकटात सापडले तरी मजकूर वाचतो.

आपल्या सिनेगॉगची लग्नाची व मयताची रजिस्टरे, घरातील केतुबा, दफनभूमीचा नकाशा, ही आपलीही दफ्तरेच आहेत. गावची मंडळी इस्राएलला गेली, कबरींवरची अक्षरे झिजत चालली. कोणाची कबर कोठे, हे सांगणारे वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांना बरोबर घेऊन एक साधा नकाशा काढावा, त्यावर तारीख घालावी आणि त्याच्या दोन प्रती कराव्यात. पुढच्या सणाला गावी जाल, तेव्हा हे काम करता येईल.