‘इनाम’ आणि ‘मजुरी’ : मल्लाच्या आत्मनिवेदनाची परिभाषा
(मावळ परिसराच्या संदर्भात)

१. विषयप्रवेश

मराठी आत्मकथनाच्या अभ्यासात १९७० नंतरच्या दोन दशकांना विशेष महत्त्व आहे. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या लेखनाने ‘मी’ ह्या सर्वनामाचा सामाजिक पैस वाढविला. यांपैकी ‘बलुतं’ हे शीर्षक मुळात मोबदल्याचे नाव आहे. गावगाड्यातील कामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुतं. व्यवहारातील एक शब्द शीर्षस्थानी येताच त्यामागील श्रम, अवलंबन आणि अपमान यांचा सगळा हिशेब वाचकापुढे उभा राहिला. आत्मकथनाचे मर्म कधी कधी एका पारिभाषिक शब्दात साठलेले असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मल्लविद्येवर उपजीविका करणाऱ्या माणसाच्या आत्मनिवेदनाकडे याच दृष्टीने पाहता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. मल्लांविषयी मराठीत लेखन झालेले आहे. परंतु त्याचा प्रधान सूर गौरवाचा आहे. कोणी कोणाला, कोणत्या डावावर, किती मिनिटांत चीत केले, हा त्याचा गाभा असतो. मल्लाने कुस्ती हा व्यवसाय म्हणून कसा केला, त्यात काय कमावले आणि शरीर उतरणीला लागल्यावर त्याचे काय झाले, या गोष्टी बहुधा समारोपाच्या परिच्छेदात ढकलल्या जातात. याचे एक कारण मल्लाच्या परिभाषेतच आहे. त्याच्या मोबदल्याला ‘इनाम’ म्हणतात, मजुरी म्हणत नाहीत. इनाम ही देणाऱ्याची कृपा असते आणि मजुरी हा घेणाऱ्याचा हक्क. ज्या व्यवसायात हक्कवाचक शब्दच रूढ झालेला नाही, त्या व्यवसायातील माणसाला आपल्या श्रमाची कैफियत मांडणे अवघड जाते.

२. ग्रंथांतील डाव, ग्रंथांबाहेरचे जगणे

मल्लविद्येला लेखनपरंपरा नाही असे म्हणता येणार नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांची वर्गवारी, त्यांचा व्यायाम आणि त्यांचा आहार यांचे विवेचन आहे. प्रकरणाचे नावच बोलके आहे. मल्लाचा देह हा राजाच्या विनोदाचा, म्हणजे रंजनाचा, विषय आहे. त्याच्या पोषणाची चिंता राजा करतो आणि त्याविषयी बोलतोही राजाच. विसाव्या शतकात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामपद्धतींचे आणि कुस्तीतील डावपेचांचे सचित्र, पद्धतशीर वर्णन आढळते. डाव अशा रीतीने ग्रंथबद्ध झाला. डाव करणाऱ्याचे जगणे मात्र ग्रंथाबाहेर राहिले.

मावळ तालुक्यातील लोणावळा हे या संदर्भात अर्थपूर्ण ठिकाण ठरते. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे) यांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांचे शारीरिक शिक्षण बडोद्यात प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली झाले होते. माणिकराव हे जुम्मादादांच्या आखाड्याच्या परंपरेतील. आखाड्याच्या संस्कारातून आलेल्या या गृहस्थांनी योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी केली, निष्कर्ष छापले आणि शरीरविषयक पारंपरिक ज्ञानाला वैज्ञानिक गद्याची भाषा मिळवून दिली. त्याच तालुक्यातील तालमींमध्ये वस्तादाकडून पठ्ठ्याकडे जाणारे ज्ञान मात्र मौखिकच राहिले. दोन्हीकडे साधन एकच, म्हणजे देह. एका ठिकाणी देहाविषयी बोलणारा संशोधक झाला. दुसऱ्या ठिकाणी बोलण्याचा अधिकार वस्ताद, निवेदक आणि यात्रा समिती यांच्याकडे राहिला.

३. आखाड्याचे अर्थकारण

मावळातील गावयात्रा प्रामुख्याने चैत्र-वैशाखात भरतात. वडगावचे श्री पोटोबा महाराज, तळेगाव दाभाडे येथील श्री डोळसनाथ महाराज या ग्रामदैवतांच्या उत्सवांप्रमाणेच पवन, नाणे आणि आंदर मावळातील लहान गावांच्या यात्रांतही पालखी, तमाशा आणि कुस्त्यांचा आखाडा ही त्रयी परिचित आहे. आखाड्याचा क्रम ठरलेला असतो. प्रारंभी लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लावल्या जातात. पुढे रकमा चढत जातात आणि अखेरची कुस्ती नामवंत मल्लांची असते. हलगीचा ठेका, पंचांनी हात धरून फिरविलेली जोड, फेटा बांधून केलेला सत्कार आणि ध्वनिक्षेपकावरून देणगीदाराच्या नावासह पुकारलेली रक्कम हे या प्रसंगाचे घटक होत.

या रचनेत दोन बाबी अभ्यासकाने ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी की, रेवडीपासून रोख रकमेपर्यंतचा हा चढ म्हणजे मल्लाच्या संपूर्ण कारकिर्दीचा आराखडाच असतो. ‘रेवडीवर लढत होतो तेव्हा’ असे जुना मल्ल म्हणतो, तेव्हा तो बालपणाचा काळ सांगत असतो. कालगणनेचे त्याचे साधन मोबदला हे आहे. दुसरी बाब अशी की, पुकारताना नाव देणगीदाराचे आधी येते. इनाम देणाऱ्याची प्रतिष्ठा आणि घेणाऱ्याची कमाई एकाच वाक्यात उच्चारली जाते व त्या वाक्याचा कर्ता देणारा असतो.

‘जोड’ हा या व्यवसायातील आणखी एक कळीचा शब्द. वजन, नाव आणि मागील कुस्त्या पाहून तुल्यबळ प्रतिस्पर्धी नेमणे म्हणजे जोड करणे. विजयाने मल्लाचा भाव वाढतो, पराभवाने उतरतो. कुस्ती बरोबरीत सुटल्यास दोघांचेही नाव शाबूत राहते आणि पुढील वर्षी तीच जोड पुन्हा लावता येते. प्रेक्षकाला निकाली कुस्ती हवी असते, तर हंगामभर गावोगाव लढावयाचे असलेल्या मल्लाला दुखापत टाळावयाची असते. या दोन अपेक्षांच्या ताणातून ‘नुरा कुस्ती’ या शब्दाला बळ मिळते. आधी संगनमत करून केलेली लढत असा त्याचा अर्थ असून मराठी वृत्तपत्रांनी तो राजकारणासाठीही सर्रास वापरला आहे.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात व्यावसायिक रंगमंचीय कुस्तीविषयी लिहिताना ती खेळ नसून देखावा असल्याचे आणि लढत खरी की ठरविलेली याची तिच्या प्रेक्षकाला फिकीर नसल्याचे प्रतिपादन केले. मावळातील आखाड्याला हे विवेचन जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे देखावा आहे, पण निकालावर गावाचा आणि तालमीचा अभिमान अवलंबून असल्याने नुरा कुस्ती हा कलंक मानला जातो. मल्लाला एकाच वेळी स्पर्धकाची सचोटी आणि कलावंताची हंगामी उपजीविका सांभाळावी लागते. त्याच्या आत्मनिवेदनातील मौन समजून घेताना ही कोंडी विसरून चालणार नाही.

४. खुराक : घराचा हिशेब

मल्लाच्या बोलण्यात डावांच्या खालोखाल येणारा विषय खुराकाचा असतो. दूध, तूप, बदामाची थंडाई यांची मापे तो आयुष्यभर विसरत नाही. वरवर पाहता ही बढाई वाटते. वस्तुतः तो भांडवलाचा हिशेब असतो. मावळासारख्या भातशेतीच्या प्रदेशात दुभत्या म्हशीचे दूध एका मुलाच्या वाट्याला जाते, तेव्हा ते विक्रीला जात नाही आणि इतर भावंडांच्या वाट्यालाही पुरेसे येत नाही. आषाढात लावणीची घाई असताना तालमीत मेहनत करणाऱ्या मुलाचे काम घरातील दुसरे कोणीतरी उचलते. ‘आईने म्हैस राखली’ हे वाक्य मल्लाच्या कथनात कृतज्ञतेचे म्हणून येते. अभ्यासकाने ते गुंतवणुकीचे म्हणूनही वाचावे. आखाड्यात इनाम पुकारले जाते ते एकट्याच्या नावाने, मात्र त्यामागील खर्च सबंध घराने सोसलेला असतो.

कारकीर्द संपल्यावर हाच शब्द उलटतो. मेहनत थांबते, पण भूक आणि सवय टिकते. दुखावलेले गुडघे आणि मोडलेले कान ही मल्लपणाची खूण उरते. ‘पैलवान’ हे संबोधन गावात आदराने चालू राहते, परंतु त्या आदराचे रूपांतर नियमित मिळकतीत होत नाही. संस्थानी आश्रयाच्या काळात शाहू महाराजांसारख्या राजांनी मल्लांना पोसले. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ मध्ये उभे राहिले ते याच आश्रयातून. संस्थाने विलीन झाल्यावर हा भार यात्रा समित्या, सहकारी साखर कारखाने आणि पोलीस, रेल्वे, सैन्य यांतील नोकऱ्या यांच्यात विभागला गेला. आश्रयदाता बदलला, ‘इनाम’ हा शब्द टिकून राहिला.

५. खाशाबा जाधव : पदक आणि कर्ज

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची जीवनकथा या संदर्भात नव्याने वाचण्याजोगी आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हेही सांगितले जाते. या दोहोंच्या मध्ये असलेली तिसरी घटना मात्र ओझरती येते. परतल्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने घेतली, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले.

कथनमीमांसेच्या दृष्टीने ही तिसरी घटनाच निर्णायक आहे. पदकाची कथा राष्ट्राची आहे, गहाणाची कथा गुरूच्या औदार्याची आहे. कर्जफेडीची कथा मात्र मल्लाच्या श्रमाची आहे. ऑलिंपिकच्या गादीवर मिळालेल्या मानाचे ऋण त्याने देशी मातीत अंग घासून फेडले. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, १९८४ मध्ये अपघाती निधन पावले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर लाभला. गौरवपर चरित्रात या घटना उपेक्षेची करुण कहाणी म्हणून येतात. उपजीविकेच्या अंगाने वाचल्यास त्यांतून एका व्यवसायाची रचना दिसू लागते.

ललित साहित्याने या रचनेला अधिक धिटाईने हात घातला. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ (१९८०) या कादंबरीतील गुणा कागलकर हा पैलवानी शरीरयष्टीचा शेतमजूर तमाशाच्या फडासाठी नाच्याची भूमिका पत्करतो. ज्या देहामुळे गावात मान होता, तोच देह उपजीविकेसाठी वेगळ्या रीतीने वापरताच मान गळून पडतो. पौरुष, मान आणि पोट यांचे नाते कादंबरीकाराने येथे उघडे केले आहे. प्रत्यक्षातील मल्लाला ते उघडे करणे कठीण जाते, कारण मान हीच त्याची पत असते आणि पत गेली की जोड मिळत नाही.

६. अभ्यासाची दिशा

मल्लाचे आत्मनिवेदन संकलित करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ‘सर्वांत मोठी कुस्ती कोणती’ या प्रश्नाने आरंभ केल्यास त्याला ठरीव गौरवकथा मिळेल. रेवडी कोणत्या गावी मिळाली, म्हैस कोणी राखली, पहिली रोख रक्कम कोणाच्या हाती दिली, शेवटचा लंगोट केव्हा सोडला, या प्रश्नांतून वेगळी संहिता हाती येईल. सांगितलेल्या आठवणी यात्रेची जाहिरातपत्रके आणि समित्यांच्या हिशेबवह्या यांच्याशी ताडून पाहाव्यात. दोहोंत तफावत आढळल्यास ती केवळ चूक समजू नये. मान राखण्यासाठी आठवणीने केलेली निवड त्या तफावतीत दिसू शकते. मल्लाच्या आई, बहीण आणि पत्नी यांचे कथन स्वतंत्रपणे नोंदविले जावे. २०२३ मध्ये सांगली येथे महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिल्या विजेत्या ठरल्या. लंगोट, पठ्ठ्या, पैलवान अशा पुरुषवाचक परिभाषेत स्त्री मल्ल आपले निवेदन कसे घडविते, हाही यापुढील अभ्यासाचा विषय आहे.

मावळाला लागून असलेल्या मुळशी तालुक्यातील मामासाहेब मोहोळ यांचा महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या उभारणीत मोठा वाटा होता. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेच्या स्पर्धेतून १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब दिला जाऊ लागला. मोहोळांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबीयांकडून विजेत्याला चांदीची गदा देण्याची प्रथाही पडली. गदा हे मानाचे सर्वोच्च चिन्ह होय. नामवंत मल्लांना शासनाकडून दरमहा रक्कम मिळते आणि तिच्यात वाढ करण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या वेळी झाली. या रकमेला ‘मानधन’ म्हणतात. मान आणि धन या एका शब्दात शेजारी आले आहेत. तरीही वेतन किंवा निवृत्तिवेतन हे शब्द टाळलेलेच आहेत. किताबापर्यंत न पोहोचलेल्या, गावोगावच्या यात्रांत हंगाम काढलेल्या असंख्य मल्लांच्या वाट्याला तर पुकारलेल्या इनामाखेरीज कोणताच शब्द आलेला नाही. त्यांची पिढी वृद्ध झाली आहे. त्यांच्या बोलण्यातील रेवडी, जोड आणि खुराक या शब्दांना जीवनकथनाचा दर्जा देऊन त्यांची नोंद वेळीच करणे हे मराठी विभागांचे आणि विशेषतः या परिसरातील महाविद्यालयांचे काम आहे.